सोफा हलंना, गणपती बसवायचा कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घराच्या सजावटीवर पानभर आलं होतं ते मी चहा पितापिता दोनदा वाचलं. फोटो झकास होते, पांढरा सोफा, पांढऱ्या भिंती, काचेच्या टीपॉयवर एकच फूल. आमच्या सूनबाईनं बघून विचारलं, "आई, ह्या घरात ओली छत्री कुठं ठेवत असतील ओ?" मला आधी हसू आलं आणि मग वाटलं प्रश्न बरोबर आहे की, आणि ह्याचं उत्तर कुठंच छापून येत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा पण छत्रीचं तेवढं ठेवा.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, जुनं, गल्लीतलं. रुंदीला १४ फूट आणि आत लांबच लांब, दोन्ही बाजूला शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, म्हणजे उजेड यायचा तर पुढून, नाहीतर परसातून, नाहीतर वरून. पुढं कट्टा, मग सोपा म्हणजे बसाउठायची पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परसू. भिंती मातीच्या, दीड फूट जाड, वर खानापूरची कौलं. थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांचं म्हणणं पडलं आता घर जरा नवं करून घ्या, पाहुणे येणार, आणि त्यात मीच सगळ्यात पुढं होते, खोटं कशाला बोलू. मोबाईलमध्ये शंभरएक फोटो साठवून ठेवले होते. एक इंटिरियरवाला गाठला. नाव नको, माणूस वाईट नव्हता, पण घरात पाऊल टाकल्यापासून काम संपेपर्यंत त्यानं एकदासुद्धा विचारलं नाही की घरात माणसं किती, कोण कुठं बसतं, तांदळाचं पोतं कुठं असतं, देवाचं काय. लेझरच्या मीटरनं पाच मिनिटांत मापं घेतली आणि गेला. आणि आम्हीही सांगितलं नाही, कारण आम्हाला फोटोतलं घर पाहिजे होतं.

सोप्यात एल आकाराचा सोफा आला. समोर टीव्हीचं युनिट, त्याच्या मागं लाकडासारखी दिसणारी पट्ट्यापट्ट्यांची प्लॅस्टिकची शीट, वर पीओपीचं सिलिंग आणि त्यात लपवलेल्या लाईटी. सोप्यातले तीन कोनाडे बुजवले, भिंत सलग दिसावी म्हणून. लग्नाचे फोटो फक्कड आले. मे महिन्यात लग्न झालं आणि जून उजाडला.

पावसाचं नंतर सांगते, आधी गणपतीचं, कारण ते जास्त लागलं मनाला. आमच्यात गणपती सोप्यात पूर्वेच्या भिंतीला बसतो, सासऱ्यांच्या वडिलांपासून. पूर्वी सोप्यात होतं काय, एक बाकडं, दोन खुर्च्या आणि घडीची कॉट. आदल्या रात्री सगळं उचलून माजघरात, सतरंजी अंथरली की वीस माणसं आरामात आरतीला. आता त्या भिंतीला सोफा, लांब बाजू ८ फुटांची, चार गडी लावले तरी हलंना. हलवून ठेवणार तरी कुठं, माजघरात डबलबेड. शेवटी टीव्ही उतरवला आणि युनिटवर गणपती बसवला. युनिटची खोली १४ इंच, आमचा पाट १८ इंचाचा, चार इंच अधांतरी, खाली खोकी रचून टेकू दिला आणि त्याला सूनबाईनं खणाचं कापड लावून झाकलं. समईला जागा उरली ती त्या शीटला चिकटून. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर शीट पापडासारखी फुगून काळी पडलेली. तेवढ्यावर भागलं म्हणून बरं, घर राहिलं. आरतीला निम्मी माणसं सोफ्यावर बसून टाळ्या वाजवायलेत आणि निम्मी बाहेर कट्ट्यावर, कारण मध्ये उभं राहायला जागाच नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आरती संपेपर्यंत सोफ्याकडं बघत राहिल्या.

तेव्हा डोक्यात आलं की आम्ही सोफा मावतो का एवढंच मोजलं, सणाला तो निघतो का हे मोजलंच नाही. नाहीतरी आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीला एक काम थोडंच असतं, गौरी-गणपती आहे, हळदीकुंकू आहे, बारसं आहे, गावाकडनं कोण आलं तर रात्री चार अंथरुणं पडतात तिथंच. नंतर मी एक युक्ती केली ती सांगते, ह्यात तुमचाच पेपर लागतो. कुठलीही मोठी वस्तू घ्यायच्या आधी तिच्या मापाएवढे जुने पेपर जमिनीवर अंथरायचे, कडेला चिकटपट्टी, आणि दोन दिवस तसंच राहायचं. उघडलेला पेपर साधारण सव्वादोन फूट भरतो, बघा हिशोब सोपा जातो. पेपरावर पाय न ठेवता पाण्याची कळशी घेऊन माजघरातून दारापर्यंत जाता येतंय का बघायचं. माणसाला नीट चालायला तीन फूट लागतात, अगदी अडचण असली तर अडीच. कपाट असेल तर त्याचं दार उघडल्यावर किती पुढं येतं तेवढेही पेपर टाकायचे, हे सगळे विसरतात. धाकट्याच्या खोलीत १० बाय १० मध्ये डबलबेड आणि दोन फूट खोल कपाट बसवायचं ठरलेलं, पेपर टाकल्यावर कळलं की कपाटाचं दार उघडायचं तर बेडवर चढावं लागणार. मग सरकती दारं केली. हे सोफ्याच्या वेळी सुचलं असतं तर.

आता पाऊस. बेळगावचा पाऊस काय असतो ते पुण्या-मुंबईच्या फोटोवाल्यांना कशाला कळेल, आणि आमचं तरी बरं, माझी नणंद जांबोटीला दिलीय, तिकडं कणकुंबीच्या बाजूला तर चार महिने सूर्य सुट्टीवर. तिनं हौसेनं हॉलच्या एका भिंतीला वॉलपेपर लावला, ऑगस्टात त्याच्या मागनं बुरशीचा काळा नकाशा उमटला. आमच्या भिंतींना प्लॅस्टिक पेंट मारलेला. मातीची भिंत पावसात ओल ओढते आणि उन्हात सोडते, पूर्वी वर चुना असायचा त्यातून ती ओल निघून जायची. प्लॅस्टिक पेंटनं तोंडच बंद केलं, मग ओल आतल्या आत फिरून जागा मिळेल तिथनं बाहेर, फोड आले, पोपडे पडले, खोलीत कुबट वास. आणि ह्याच भिंती २०१९ च्या ऑगस्टातल्या पावसाला उभ्या राहिल्या होत्या बरं का, गावात किती मातीची घरं बसली ते सगळ्यांनी बघितलंय.

ह्यात एक गोष्ट सांगायची राहिली. रंगाच्या आधी गिलाव्याला एक म्हातारा गवंडी आला होता, कन्नड बोलणारा, त्यानं भिंतीवर हात ठेवला, हात हुंगला आणि म्हणाला, "ब्याड री अक्का." नको म्हणे, ह्याला चुनाच पाहिजे. आमच्या घरात तेव्हा सुतार राजस्थानी, गवंडी कन्नड, इलेक्ट्रिशियन उर्दू बोलणारा आणि मालकीण मराठी, आणि बाहेर पाट्या मराठी की कन्नड ह्यावरून भांडणं चाललेली असताना आत सगळ्यांचं टेपवरच्या इंचावर छान चाललं होतं. फक्त त्या म्हाताऱ्याचं कुणी ऐकलं नाही. मीसुद्धा नाही. दिवाळीनंतर त्यालाच शोधून आणलं, पेंट खरवडून काढला, महिनाभर भिंत तशीच उघडी वाळवली आणि चुना मारला, थोडी नीळ घालून. यंदाचा हा जुलै चाललाय, अजून पोपडा नाही.

मॉड्युलर किचनचं दुखणं ओलीचंच. खालची कपाटं भुसा दाबून केलेल्या बोर्डाची निघाली, वरून सनमाईक गुळगुळीत, पण सिंकच्या खालचा तळ दोन महिन्यांत फुगून वर आला, दार लागंना, खालून ढेकळासारखा भुसा पडायला लागला. बिलावर नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं. ज्यांचं काम निघणार असेल त्यांनी एवढंच बघा की पाण्याच्या जागेला प्लाय मरीनचा घ्यायचा, त्याच्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो शिक्का शीटवर आपल्या डोळ्यांनी बघायचा, नुसत्या दुकानदाराच्या बोलण्यावर जायचं नाही. आणि कपाट जमिनीला टेकवायचं नाही, चार इंचाचे पाय. आम्ही आता सिंकखाली कपाटच काढून टाकलं, नुसता कडाप्पा आणि पुढं पडदा, आत बादली. आजीच्या काळात होतं तसंच, त्याला ३५ हजार घालून परत आलो.

ओट्याची तर मजाच. उंची ३६ इंच केली, वर शेगडी ठेवली की पातेल्याचं तोंड माझ्या हनुवटीजवळ, माझी उंची ४ फूट ११ इंच. आमटी ढवळताना खांदा वर करूनच ढवळायची, महिन्याभरात हात उचलेना, डॉक्टरांनी विचारलं काय जड उचलता काय ओ, मी म्हटलं पळी. नंतर समजलं, हात कोपरात वाकवून उभं राहायचं, कोपर जमिनीपासून जिथं येतं त्याच्या चार इंच खाली ओटा पाहिजे. मला ३२ बास होता. पण सूनबाई निपाणीची, ५ फूट ५ इंच, तिला ३६ अगदी बरोबर, ती म्हणते पहिल्यांदा स्वयंपाक करताना पाठ दुखत नाही. आता काय करणार, घरात दोघी. मग शेगडीपुरता अडीच फुटांचा तुकडा कापून ३० वर आणला, शेगडीची उंची धरून दोघींना जमतं, बाकीचा ओटा तसाच तिच्या मापाचा राहिला, आणि चिरायला मला एक लाकडी स्टूल आणि खालचं टेबल. भाकरी मात्र मी खाली बसूनच थापते, त्याला कुणाचं माप नको.

सगळ्यात जास्त चूक झाली ती उजेडाची. आमच्या माजघराला खिडकी नाही, असणार कुठनं, दोन्हीकडं शेजारी. छपरात एक काचेचं कौल होतं. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशन ह्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेनं कौलांचा पहिला कारखाना काढला, त्या चालीची ही कौलं, आणि तेवढ्याच मापाचं काचेचंही मिळतं, एक काढून दुसरं बसवलं की झालं. त्यातून माजघरात कवडसा पडायचा. सकाळी तो कोठीच्या दारावर, मग हळूहळू खाली उतरून जात्यापाशी, सासूबाईंना घड्याळ दिसत नाही आता नीट पण कवडसा जात्यावर आला की त्या म्हणायच्या पोरं यायची वेळ झाली, भात टाका. पीओपी सिलिंगनं ते कौल झाकून टाकलं. त्याच्या बदली बारा लाईटी, भर दुपारी चालू, त्याही ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या, माजघर म्हणजे दवाखान्याची ओपीडी. सासूबाई दोन-तीन दिवस दुपारी विचारत राहिल्या, आज आभाळ आलंय काय गं?

मी त्या दिवशी ठरवलं. डिसेंबरात माजघराचं सिलिंग काढलं, अक्षरशः पैसे देऊन लावलेलं पैसे देऊन काढलं. एकाच्या जागी आता काचेची दोन कौलं आहेत. रात्रीला २७०० केल्विनचे पिवळसर तीनच बल्ब, एक जेवायच्या जागेवर, एक देवापाशी, एक सासूबाईंच्या उशाशी. आकडा खोक्यावरच छापलेला असतो, वाचत कुणी नाही. काम करायच्या जागी म्हणजे ओट्यावर आणि नातवंडं होतील तेव्हा अभ्यासाच्या टेबलावर पांढरा घ्या हवा तर.

भाचा आर्किटेक्ट व्हायचं शिकतोय, तो हे सगळं बघून म्हणाला मामी तू तर लॉरी बेकरच्या लायनीतली निघालीस. कोण तो विचारलं तर म्हणे इंग्लंडात जन्मलेला माणूस, १९१७ चा, पुढचं सगळं आयुष्य भारतात, केरळात स्वस्तातली घरं बांधली, जिथली वीट तिथं वापरली, स्लॅबच्या काँक्रिटात मध्ये मध्ये कौलं घालून काँक्रीट वाचवलं, भिंतीतच बसायला आणि वस्तू ठेवायला जागा केल्या. २००७ ला वारला. मी म्हटलं भिंतीतली जागा म्हणजे कोनाडाच की रे, त्याला केरळला कशाला जायचं.

कोनाडे अजून उघडायचेत, एकच फोडलाय. आतून जुनी निळी माती दिसली आणि काजळीचा डाग, चिमणीचा, वीज यायच्या आधीचा. नऊ इंच खोल. त्यात आता चाव्या, सासूबाईंचा चष्मा, गोळ्यांचा डबा आणि मोबाईलचं चार्जर, मागनं वायर काढून घेतली. घरात रोज सकाळी 'माझी चावी कुठाय' म्हणून जो आरडाओरडा व्हायचा तो बंद झाला. ह्याच कामासाठी इंटिरियरवाल्यानं दाराजवळ एक कन्सोल, म्हणजे भिंतीला लावायचं अरुंद टेबल, सुचवला होता, सव्वा फूट पुढं येणारा, १४ फुटांच्या सोप्यात.

आता छत्री. पावसाळ्यात आमच्या घरात आठवड्याला कपडे किती आणि ते वाळत नाहीत ह्याच्यावर कुठल्या पुरवणीत कधी वाचलं नाही, पण माझ्या मते आपल्याकडं घर मांडायचा पहिला प्रश्न हाच. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, दाराच्या कडीवर बनियन, आणि मग त्या सोफ्याचं काय सौंदर्य राहिलं. आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत वर कौलांखाली दोरी-पुलीवाल्या दांड्या लावल्या, सहा दांड्या, खाली ओढायच्या, कपडे टाकायचे, वर चढवायच्या. ऊब वर असते, तिथं रात्रभरात निम्मे वाळतात आणि खालून माणूस मोकळा फिरतो. कट्ट्यावर दाराच्या बाजूला छत्र्यांना आकडे, खाली खानापूरची मातीची पसरट कुंडी, त्यात खडी, गळणारं पाणी त्यात. खानापूरला मातीकाम चांगलं मिळतं, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाच आहे तिथं. चप्पल स्टँड बंद दारांचं होतं, त्यात चपलांना पांढरी लव यायची, ते देऊन टाकलं, आता जाळीचं आहे, दिसायला बरं नाही पण वास नाही.

पडद्यांचं थोडक्यात. शहापूर-वडगाव म्हणजे विणकरांचा भाग, अजून आमच्या मागच्या गल्लीत मागाची खडखड ऐकू येते, आणि आम्ही पडदे आणले ऑनलाईन, जाड पॉलिस्टरचे, ज्यांनी आहे तो उजेड घालवला. आता जुन्या सुती साड्यांचे केलेत, काठ खाली. पडद्याची दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूला सहा-सहा इंच जास्त घ्या, म्हणजे पडदा सारल्यावर खिडकी पूर्ण उघडी राहते. शेजारणीनं विचारलं कुठनं आणलात, सांगितलं तर विश्वास बसंना.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की एखाद्या रविवारी आपल्याकडची घरं छापा. अनगोळची, वडगावची, खानापूर तालुक्यातली, निपाणीची, एखादी भाग्यनगरातली फ्लॅटची टू बीएचके पण घ्या, त्यांचीही बाल्कनी कपड्यांनीच भरलेली असते. फोटो जुलैत काढा, घर आवरून नको. खाली मापं द्या, खोली किती बाय किती, ओटा किती, करणारीची उंची किती, आणि खर्च खरा लिहा, परत काढायला किती लागला तोही. आमचं घर दाखवायला माझी ना नाही.

फक्त सोप्याचं अजून व्हायचंय. टीव्हीचं युनिट आणि ती काळी शीट गेली, सोफ्याचा छोटा भाग धाकट्याच्या खोलीत गेला. लांब भाग पूर्वेच्या भिंतीला तसाच आहे. एका ओळखीच्यांना फुकट द्यायचा ठरला, टेम्पो पण आला, तेव्हा लक्षात आलं की सोफा आत आणला होता तो नवीन चौकट बसवायच्या आधी. आता सेफ्टी डोअर धरून दाराला ३० इंच उरलेत. सोफ्याचे पाय काढले, आडवा केला, उभा केला, गल्लीतली पाच पोरं मदतीला आली, अर्धा इंच कमी पडतोय. टेम्पोवाला भाडं घेऊन गेला. मुलगा म्हणतो कापू या, हे म्हणतात एवढ्या पैशाची वस्तू कापायची काय, सासूबाई म्हणतात चौकट काढा. गणपतीला अजून दीड महिना आहे.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव